डिपेंडन्सी इंजेक्शन (जावा आज्ञावलीचा प्रारंभ)

डिपेंडन्सी इंजेक्शन ही संगणकीय आज्ञावलीच्या बांधणीची एक पद्धत आहे. एखाद्या क्लासला कामासाठी लागणारे इतर ऑब्जेक्ट त्याने स्वतः निर्माण न करता ते बाहेरून त्याच्या हाती द्यावेत, हे तिचे मूलतत्त्व होय. ही संज्ञा मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे रूढ झाली.

उदाहरण

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारी जावा आज्ञावली कल्पावी. उसाच्या वजनाची नोंद करणाऱ्या क्लासला काट्याशी बोलणारा एक आणि डेटाबेसमध्ये लिहिणारा दुसरा, असे दोन ऑब्जेक्ट लागतात. ते त्याने स्वतःच घडवले, तर प्रत्यक्ष काटा असल्याशिवाय त्याची चाचणी घेता येत नाही. कन्स्ट्रक्टरमधून दिले, तर चाचणीपुरता नकली काटा देता येतो.

जोडणीचे मार्ग

ऑब्जेक्ट कोणी जोडायचे, हा प्रश्न आज्ञावली सुरू होतानाच उभा राहतो. सर्वांत साधा मार्ग म्हणजे 'मेन' मेथडमध्ये ते क्रमाने घडवून एकमेकांच्या हाती देणे. लहान आज्ञावलीस एवढे पुरते. तिच्यासाठी मोठ्या फ्रेमवर्कचा खटाटोप अनाठायी ठरतो.

मोठ्या प्रकल्पांत स्प्रिंग (पहिली आवृत्ती २००४) आणि गुगलचे ग्यूस (२००७) वापरले जातात. २००९ मध्ये '@इंजेक्ट' ही सामाईक खूण प्रमाण ठरली. डॅगर ही जोडणी संकलनाच्या वेळीच करते, त्यामुळे राहून गेलेला दुवा आज्ञावली चालवण्यापूर्वीच उघड होतो.

स्प्रिंग सामान्यतः सर्व सिंगलटन ऑब्जेक्ट प्रारंभीच घडवते. दुवा सापडला नाही, तर आज्ञावली सुरूच होत नाही. ही अडचण वाटली तरी ती सोयच आहे. 'लेझी' पद्धतीने प्रारंभ लवकर होतो खरा, पण चूक पहिल्या वापरापर्यंत दडून राहते. ऐन गाळप हंगामात काट्यापुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली असताना ती कळणे फार महागात पडते. दोन ऑब्जेक्ट परस्परांवर अवलंबून असण्याची गुंतागुंत स्प्रिंग बूटने २.६ या आवृत्तीपासून (२०२१) मूलतः नाकारली आहे.

प्रारंभीची कामे

कन्स्ट्रक्टरने मिळालेले ऑब्जेक्ट केवळ जपून ठेवावेत. काट्याचा पोर्ट उघडणे किंवा सभासदांची यादी वाचणे त्यात करू नये. त्यासाठी '@पोस्टकन्स्ट्रक्ट' खुणेची मेथड असते. मात्र ती चालते तेव्हा इतर ऑब्जेक्ट पूर्ण तयार असतीलच असे नाही. सर्व जोडणी संपल्यावरचे काम स्प्रिंग बूटमध्ये 'अॅप्लिकेशनरनर' कडे सोपवतात. तोवर अंतर्गत वेब सर्व्हर विनंत्या ऐकू लागलेला असतो, त्यामुळे यादी वाचून होण्यापूर्वीच पहिली विनंती येऊ शकते.