बिल्ल्याचा काठ



महावीर जयंतीची मिरवणूक, पाठशाळेचे शिबिर किंवा शिखरजीची यात्रा जवळ आली की भरतकामाचे बिल्ले करायला टाकतात. दुकानदार विचारतो, "काठ मेरो हवा की कट?" आपण बहुधा स्वस्त असेल तो सांगतो. पण त्या बिल्ल्यावर आपले प्रतीक असते. चार धुण्यांत काठ उसवला तर ते चिन्ह चिंधीत जाते. हा अविनय टाळायचा असेल, तर हे दोन काठ कुठून आले ते माहीत असलेले बरे.

बिल्ल्याच्या काठाचा इतिहास अमेरिकेतल्या बालवीरांच्या बिल्ल्यांवर छान वाचता येतो. १९११ पासूनचे त्यांचे पहिले प्रावीण्य बिल्ले चौकोनी कापडावर भरलेले होते. १९३० च्या दशकात कापड गोल कापून कड मागे दुमडू लागले. आपण रुमालाची कड मुडपतो, तसेच. १९६१ पासून सगळा बिल्लाच दोऱ्याने भरलेला आणि कडेला जाड, गोल काठ असलेला येऊ लागला. जुने बिल्ले जमवणारे लोक काठ बघूनच बिल्ल्याचा काळ सांगतात.

त्या जाड काठाचे नाव मेरो घराण्यावरून पडले. कनेक्टिकट राज्यात १८३८ मध्ये या घराण्याने बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला होता. तो स्फोटात गेला आणि त्या जागी विणकामाची गिरणी उभी राहिली. विणलेल्या कपड्याची कड उसवू नये म्हणून जोसेफ मेरो यांनी यंत्रे बनवली. १८८१ मधले त्यांचे ओव्हरलॉक यंत्र प्रसिद्ध आहे. आपण साडीला पिको करून घेतो किंवा ब्लाउज आतून इंटरलॉक करतो, ते याच कुळातले काम. हाताने काज टाका घालताना दोरा कडेला वळसा घेतो, तसाच यंत्रही घेते, फक्त फार वेगाने आणि फार दाट.

मेरो काठ दणकट असतो, पण त्याला वळण सरळ किंवा बाहेर फुगलेले लागते. गोल, लंबगोल, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन त्याला जमतो. आत शिरणारा कोपरा यंत्राला वळवता येत नाही.

आपली अडचण इथेच आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४ मध्ये, सर्व पंथांनी मिळून जे प्रतीक स्वीकारले, त्याची बाह्यरेषा लोकाकाशाची आहे. कमरेवर हात ठेवून, पाय फाकून उभ्या असलेल्या पुरुषासारखी. म्हणजे मध्यलोकाच्या जागी कंबर आत गेलेली. त्या आकाराचाच बिल्ला कापायचा तर मेरो काठ बसत नाही. दुकानदाराने तरी बसवून दिला, तर कंबर बुजते आणि लोकाचा आकारच बिघडतो.

मग दोन वाटा उरतात. पहिली, कट काठ. यात कडेला दाट साटिन टाक्याची पट्टी भरतात आणि तिच्या बाहेरून गरम पात्याने किंवा लेझरने कापतात. उष्णतेने कड वितळून बंद होते, म्हणून खालचे कापड पॉलिएस्टरच हवे. सुती कापड वितळत नाही, त्याचे धागे सुटत राहतात. दुसरी वाट, प्रतीक गोल कापडाच्या मध्ये भरून भोवती मेरो काठ घालणे. मुलांच्या दप्तरासाठी मला हीच पसंत आहे, कारण घासटते ते काठाला, प्रतीकाला नाही.

मेरो काठ निवडलात तर बिल्ला उलटून बघा. काठ जिथे संपतो तिथे दोऱ्याचे शेपूट राहते. ते मागे नीट चिकटवलेले नसेल तर तिथूनच उसवायला लागते.

दोऱ्याचीही चौकशी करा. रेशीम आपल्याला चालणार नाही, त्यासाठी कोशातले जीव उकळत्या पाण्यात जातात. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होते आणि तसेच चमकते. रोजच्या धुण्याला पॉलिएस्टर जास्त टिकते. प्रतीकाच्या तळचे सूत्र छोट्या बिल्ल्यावर भरायचा हट्ट नको. अक्षरे पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाली की दोऱ्यात वाचता येत नाहीत, आणि न वाचता येणारे सूत्र लिहून काय उपयोग?

ऑर्डर देण्याआधी एक नमुना मागा, दोनदा धुवा आणि मगच बाकीचे करायला सांगा.