द्विभार्या विवाहातील संततीचा हक्क : १९४६ ते २०२३

१/७
१९४६ पूर्वी मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाने पहिली पत्नी हयात असताना दुसरी केली, तरी तो विवाह वैध असे. दुसरीचे मुलगे औरस ठरत व वडिलोपार्जित मिळकतीत सावत्र भावांइतकाच वाटा घेत. अन्याय पत्नीवर होता. मुलांच्या जन्माला बट्टा नव्हता.

२/७
१९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने असा विवाह शून्य व दंडनीय ठरवला. १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी तो कायदा वैध ठरवला. पण विवाहच शून्य, तर त्यातली संतती कोणाची?

३/७
१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर लागू केले. त्याचे कलम १६ अशा संततीला औरस मानी. मात्र न्यायालयाने विवाह शून्य असल्याचा हुकूमनामा दिला असेल तरच! आईबाप न्यायालयाची पायरी न चढता वारले, तर मूल अनौरसच राही.

४/७
ही विसंगती दूर व्हायला १९७६ उजाडले. हुकूमनाम्याची अट गेली. संतती औरस ठरली. हक्क मात्र केवळ आईवडिलांच्या मालमत्तेपुरता राहिला.

५/७
‘आईवडिलांची मालमत्ता’ म्हणजे कोणती? शेतजमीन तर बहुधा एकत्र कुटुंबाची. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिनिया केओटिन प्रकरणात वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क नाकारला. २०११ मध्ये रेवणसिद्दप्पा प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने त्याविषयी असहमती दर्शवून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

६/७
१ सप्टेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या त्रिसदस्यीय पीठाने निकाल दिला : ही संतती जन्माने सहदायिक होत नाही, परंतु मृत्यूच्या लगतपूर्वी वाटणी झाली असती तर वडिलांना जो हिस्सा मिळाला असता, त्यात तिला वारसा आहे.

७/७
उदाहरणार्थ, बारा एकर वडिलोपार्जित जमीन. सहदायिक दोघेच : वडील आणि पहिल्या पत्नीचा मुलगा. पहिली पत्नी आधीच निवर्तलेली, मृत्युपत्र नाही, दुसरीला एक मुलगा. वडिलांचे सहा एकर दोघा मुलांत समान वाटले जातील. पहिल्याला एकूण नऊ एकर, दुसऱ्याला तीन. दुसरीला वारसाहक्काने काहीच नाही. कायद्याच्या लेखी ती पत्नीच नव्हे. सत्त्याहत्तर वर्षांत मुलाच्या जन्मावरचा डाग पुसला गेला. वाट्यातले अंतर मात्र उरले.