गौरवफलक आणि जनरल रजिस्टर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच वास्तूत मराठी शिकलो. पुढे आयुष्यभर मराठी शिकवूनच पोट भरले. त्यामुळे आजचे निमंत्रण हा मी सन्मान मानीत नाही. ते गुरुऋणाचे स्मरणपत्र आहे. विषय चिटणिसांनीच सुचविला: ‘शाळेच्या विद्यार्थ्यांचे यश’. परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून प्रवेशद्वाराशी नवा गौरवफलक बसवायचा आहे. त्यावर कोणाची नावे कोरावीत, याचा ऊहापोह व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. मी विद्यार्थी वाङ्मयाचा. तरी या निमित्ताने थोडे इतिहासात शिरण्याचे धाडस करतो.

गौरवफलकाची प्रथा आपल्याकडे कोठून आली, हे पाहू लागलो की दृष्टी १८८० च्या पुण्याकडे वळते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी त्या वर्षाच्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले. वामन शिवराम आपटे, आगरकर यांच्यासारखी माणसे त्यांना येऊन मिळाली. सरकारी नोकरी करू शकणाऱ्या विद्वानांनी लोकांच्या बळावर शाळा चालवावी, हा तेव्हा मोठाच प्रयोग होता. तो यशस्वी झाला की नाही, हे ठरविण्याचे सर्वमान्य माप एकच होते: मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा आणि तीत संस्कृतासाठी मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. अशा शाळेतील मुलगा वर आला की ते यश एकट्या मुलाचे राहत नसे. सरकारच्या आधाराशिवायही आपण शिक्षण देऊ शकतो, याचा तो जाहीर पुरावा ठरे. १८८२ साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी ही शाळा पाहून तिची वाखाणणी केली, तेव्हा हा पुरावा परक्यांनीही मान्य केला. परीक्षेतील यशाला आपल्या खासगी शाळांमध्ये एवढे मोल आले ते यातूनच. ती केवळ गुणांची हाव नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हैदराबाद संस्थानात हाच प्रयोग अधिक बिकट परिस्थितीत झाला. संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी. राज्यकारभाराची भाषा मात्र १८८४ पर्यंत फारसी आणि त्यानंतर उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे ते भारतातील पहिले आधुनिक विद्यापीठ. त्या धाडसाचे कौतुक केलेच पाहिजे. पण ती देशी भाषा उर्दू होती आणि मराठी मुलाला विद्येच्या वरच्या पायऱ्या दुसऱ्याच्या भाषेतून चढाव्या लागत. या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या पुढाकाराने या शहरात विवेक वर्धिनी उभी राहिली. १९०७ साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय आणि १९१५ साली औरंगाबादेस सरस्वती भुवन निघाले. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि सभा-संमेलनांवर गश्ती क्रमांक ५३ चा पहारा होता. शाळा चालू राहणे हेच जेथे यश, तेथे एखादा विद्यार्थी मॅट्रिक झाला तर त्याचे नाव भिंतीवर रंगविण्याचा मोह कोणाला आवरेल?

आपल्या शाळेतील जुना लाकडी फलक त्याच मोहाचे अपत्य आहे. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत वर्ष, नाव आणि मिळविलेले पारितोषिक. त्यावर १९६६ सालापुढे माझेही नाव आहे. विद्यार्थी असताना त्या फलकाखालून जाताना मान आपोआप वर होई. वय वाढले तसतशी एक गोष्ट जाणवू लागली. फलकावर १९४६ चे नाव आहे, १९४९ चे नाव आहे. मधली दोन वर्षे कोरी आहेत. रंगाऱ्याने जागाही सोडलेली नाही. एका ओळीखाली दुसरी ओळ सरळ लिहिली आहे. त्या वर्षांत शाळेत मुले नव्हती काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी, मुख्याध्यापकांच्या अनुमतीने, मी या पावसाळ्यात शाळेचे जुने जनरल रजिस्टर चाळले. प्रवेशाचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि अखेरच्या रकान्यात ‘शाळा सोडल्याचे कारण’. एरवी त्या रकान्यात विविधता असते: वडिलांची बदली, स्थलांतर, मॅट्रिक उत्तीर्ण, क्वचित मृत्यू. ऑगस्ट १९४७ पासून मात्र एकाच वाक्याची ओळ लागते: ‘दीर्घ गैरहजेरीमुळे नाव कमी केले.’ वरच्या वर्गांतील मुलांपुढे हे वाक्य पुनःपुन्हा येते. अक्षर माझ्या परिचयाचे होते. निबंधाच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारणारे तेच वळणदार, उजवीकडे किंचित कललेले अक्षर! आज ज्यांचे स्मरण आपण करीत आहोत, ते गुरुजी त्या वेळी मॅट्रिकचे वर्गशिक्षक होते.

या गैरहजेरीचा अर्थ समजण्यासाठी नऊ वर्षे मागे जावे लागते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याचे एक अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबेजोगाईस त्यांनी मुले घडविली होती. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ती मानली नाही. लोण उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्याकडे घेतले. त्या मुलांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव या नावाचा एक तेलुगू तरुण होता. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्याने पुढे तेलुगूत नेली. १९९१ साली तो देशाचा पंतप्रधान झाला आणि २०२४ साली त्याला मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. विद्यापीठातून नाव कमी होणे म्हणजे कर्तृत्वाचा शेवट नव्हे, याला यापेक्षा मोठा दाखला कोणता द्यावा?

पण काढून टाकलेला प्रत्येक विद्यार्थी पंतप्रधान होत नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला आणि विद्यार्थी शाळा-कॉलेजांतून बाहेर पडले. कोणी तुरुंगात गेले, कोणी संस्थानच्या सीमेवरील उमरखेड, सोलापूर अशा ठिकाणच्या शिबिरांत दाखल झाले. माझे थोरले काका त्यांपैकी एक. ते या शाळेच्या मॅट्रिकच्या वर्गात होते, वय सोळा. एका पहाटे घरात कोणालाही न सांगता निघाले, ते उमरखेडच्या शिबिरात पोचले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर परत आले, तेव्हा आजोबा वारले होते आणि पाठीवर चार भावंडे होती. काका बेगम बाजारातील एका कापड-दुकानात जमाखर्च लिहू लागले आणि वयाच्या सत्तरीपर्यंत तेच लिहीत राहिले. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी कधीच दिली नाही. माझी फी, माझी पुस्तके आणि मी एम.ए.ला असताना घेतलेला आपट्यांचा संस्कृत कोश त्यांच्याच पगारातून आला. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना निघाली, तेव्हा अर्ज करण्याचा आग्रह आम्ही त्यांना केला. पुरावा म्हणून हाती होता तो शाळेचा दाखला आणि त्यावरील ‘गैरहजेरी’. आम्हांला राग आला. काका मात्र हसून म्हणाले, “गुरुजींनी खोटं काय लिहिलंय? वर्गात नव्हतोच मी.” अर्ज त्यांनी केला नाही.

गुरुजींनी ते वाक्य का लिहिले असेल, याचा विचार मी रजिस्टर मिटल्यावर बराच वेळ करीत होतो. त्या दिवसांत शाळेचे दप्तर तपासणीसाठी कोणाच्याही हाती जाऊ शकत होते. खरे कारण लिहिणे म्हणजे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि घराचा पत्ता एका ओळीत पोलिसांच्या स्वाधीन करणे होते. ‘गैरहजेरी’ हा एकच शब्द असा होता की जो खराही होता आणि निरुपद्रवीही. गुरुजींनी तो जाणून निवडला, असे माझे मत आहे. त्यांनी स्वतः याविषयी कधी अवाक्षर काढले नाही. मुलांना वाचविणाऱ्या त्याच शब्दाने पुढे मुलांचा इतिहास पुसला. फलक रंगविणाऱ्यांनी निकालपत्रके पाहिली. रजिस्टर कोणी उघडले नाही.

इतिहासाच्या शिस्तीने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गैरहजर असलेला प्रत्येक मुलगा लढ्यातच होता, असे मी म्हणत नाही. रझाकारांच्या भीतीने कित्येक कुटुंबे घरदार सोडून संस्थानाबाहेर गेली. कोणाची फी थकली असेल, कोणी आजारी असेल. सगळ्यांना सरसकट वीर ठरविणे हे त्यांना विसरण्याइतकेच असत्य होईल. म्हणून एकेक नाव तपासावे लागेल, आणि तो पुरावा कागदांपेक्षा घराघरांतील आठवणींतच अधिक मिळेल.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातही फलकाने असेच पुष्कळ गाळले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात. कालपर्यंत तीन प्रमुख प्रजाभाषांपैकी एक असलेली मराठी या शहरात एका रात्रीत अल्पसंख्याकांची भाषा झाली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ अन्वये मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांवर सोपविली. पण कलम वर्गात येऊन शिकवीत नाही. शिक्षक मराठवाड्यात बदलून गेले, कुटुंबे पाठोपाठ गेली. जे थोडे शिक्षक मागे राहिले, त्यांच्यामुळे माझ्या पिढीला मराठी लिहिता आली. त्यांची नावे कोणत्या फलकावर आहेत?

परीक्षेचे माप किती तोकडे असते, याचे उदाहरण म्हणून मी नरहर कुरुंदकरांचे नाव नेहमी घेतो. ते याच शहरात शिकले. इंटरमध्ये अपयश आले, नांदेडच्या एका हायस्कुलात शिक्षकी पत्करली, नोकरी करता करता पदव्या मिळविल्या आणि तेथील पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९८२ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी ते गेले, तेव्हा महाराष्ट्राने एक मोठा विचारवंत गमावला. त्यांच्या इंटरच्या वर्षी कोणी फलक रंगविला असता, तर त्यावर ते नसते.

मी फलकाच्या विरुद्ध आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा गौरव व्हावा, आनंदाने व्हावा. परदेशात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचाही आम्हांला अभिमान आहे. आजचा मंडप त्यांच्याच औदार्याने उभा आहे. माझे म्हणणे इतकेच की, परीक्षकाने दिलेले यश आणि शाळेने घडविलेले माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खासगी मराठी शाळा ज्या हेतूने निघाल्या तो हेतू दुसऱ्या गोष्टीत होता. न्यू इंग्लिश स्कूलला निकाल हवे होते ते स्वावलंबन सिद्ध करण्यासाठी. आपण निकाल ठेवले आणि त्यांमागील प्रयोजन विसरलो, तर फलक मोठा होईल आणि शाळा लहान.

म्हणून संस्थेपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, १९४७–४८ चे जनरल रजिस्टर कसरीच्या तोंडी पडण्यापूर्वी त्याच्या प्रती काढाव्यात; कडेची पाने आजच हाताला लागताच तुटतात. दुसरी, त्या रकान्यातील प्रत्येक नावाचा शोध घेण्यासाठी माजी विद्यार्थ्यांची एक लहान समिती नेमावी. त्या वर्गातील जे कोणी हयात असतील, ते आज नव्वदी ओलांडलेले आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. तिसरी, नव्या फलकावर १९४७ आणि १९४८ या वर्षांसाठी जागा सोडावी. नावे निश्चित होईपर्यंत ती कोरी राहिली तरी चालेल. निदान तेथून जाणारा विद्यार्थी विचारील, ‘येथे कोणीच कसे नाही?’ आणि कोणा शिक्षकाला उत्तर द्यावे लागेल.

या कामी माझ्यापरीने आरंभ करतो. काकांचा तो पिवळा पडलेला दाखला मी सोबत आणला आहे. व्याख्यान संपताच तो शाळेच्या स्वाधीन करीन. तो त्यांच्या पेटीत पासष्ट वर्षे जपून ठेवलेला होता. शाळेने नाव कमी केलेल्या मुलाने शाळेचा कागद इतका का जपावा, याचे उत्तर मला काकांना विचारता आले नाही. आपण सर्वांनी मिळून ते शोधावे, अशी प्रार्थना करून आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.