नोव्हाया झेम्ल्याचा कप्तान

राइक्सम्युझियममध्ये पाहुण्यांना रेम्ब्रांट दाखवून आपण बाहेर पडतो. त्याच संग्रहालयाच्या संग्रहात एका ध्रुवप्रदेशीय घरातले घड्याळ, मेणबत्तीची घरे आणि जोडे आहेत. आम्हाला लिहायचे आहे ते त्या घराबद्दल.

उत्तरेकडून चीन-हिंदुस्थानची वाट शोधणारे डच जहाज १५९६ साली नोव्हाया झेम्ल्याजवळ बर्फात अडकले. वाहून आलेल्या लाकडांचे घर बांधून खलाशांनी तिथेच हिवाळा काढला. शाळेत मुले विलेम बारेन्ट्सचे नाव शिकतात. तो वाटाड्या, कप्तान होता याकोब फान हेम्सकेर्क.

७ डिसेंबरला थंडी असह्य झाली, तेव्हा जहाजावरचा दगडी कोळसा पेटवून त्यांनी दारे नि धुराडे बंद केले. थोड्या वेळाने सगळ्यांनाच घेरी येऊ लागली. आम्हा रसायनवाल्यांना निदान सोपे: कार्बन मोनॉक्साइड. ना रंग, ना वास, आणि हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटणारा. (जुना गीझर असलेल्यांनी तो तपासून घ्यावाच!) कसेबसे दार उघडले. उघडणारा बर्फात बेशुद्ध पडला. रोजनिशी लिहिणाऱ्या खेरिट दे व्हेरने तोंडावर व्हिनेगर टाकून त्याला शुद्धीवर आणले. मग कप्तानाने प्रत्येकाला थोडी वाइन दिली, धीर यावा म्हणून. तोच धूर त्याच्याही डोक्यात गेला होता.

५ जानेवारीला खलाशी म्हणाले, आज राजांचा सण, वाट्यातली वाचवलेली वाइन पिऊ द्या. कडक अधिकाऱ्याने शिधा मोजला असता. याने होकार दिला. तेलातले पॅनकेक झाले, आणि चिठ्ठीने गोलंदाज 'नोव्हाया झेम्ल्याचा राजा' ठरला. त्या रात्री कप्तानसुद्धा प्रजाजन!

मे महिन्यात माणसे अधीर झाली. थेट बोलायला कचरत होती, म्हणून बारेन्ट्सने त्यांचे म्हणणे कप्तानाच्या कानावर घातले. त्याने महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितले. १४ जून १५९७ ला दोन उघड्या होड्या निघाल्या. बारेन्ट्स आणि आणखी एक खलाशी चालू शकत नव्हते. त्यांना घसरगाडीवरून ओढत आणले, एकेका होडीत एकेक ठेवले. २० जूनला दोघेही गेले. सतरापैकी बारा जण १ नोव्हेंबरला ॲम्स्टरडॅमला पोचले.

हेम्सकेर्क काही संत नव्हता. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ त्याने पोर्तुगीजांचे 'सांता कातारिना' जहाज धरून लुटले. त्याची कणव बहुधा आपल्या माणसांपुरतीच होती. १६०७ साली जिब्राल्टरच्या लढाईत तो पडला. ॲम्स्टरडॅमच्या आउडे केर्कमध्ये त्याची कबर आहे, सेंट्रल स्टेशनपासून पायी जाण्यासारखी.