नव्या नगरांची भूमि

नगरें जन्मास येतात तीं दोन रीतींनीं. कांहीं नदीच्या घाटावर, बाजाराच्या वाटेवर किंवा किल्ल्याच्या पायथ्याशीं हळूहळू वाढत जातात, आणि त्यांचा संस्थापक कोण हें कोणासहि सांगतां येत नाहीं. दुसरीं आधीं कागदावर जन्मतात आणि मग जमिनीवर उतरतात. सवाई जयसिंहानें इ. स. १७२७ मध्यें वसविलेलें जयपूर हें आपल्या देशांतील याचें प्रसिद्ध उदाहरण. अशा नियोजित नगरांविषयीं विद्यापीठांतून जें संशोधन होतें, त्यांत रस्त्यांची रुंदी, चौकांची मांडणी आणि इमारतींची उंची यांची चर्चा पुष्कळ असते. ती असावयासहि हवी. परंतु त्या चर्चेच्या तळाशीं एक साधा प्रश्न पडून राहतो. नगर ज्या भूमीवर उभें राहिलें ती पूर्वीं कोणाची होती, आणि नगर झाल्यामुळें तिचें मोल जें वाढलें तें कोणाच्या पदरांत पडलें? गेल्या सव्वाशें वर्षांतील नव्या नगरांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधानें पाहण्याचा येथें विचार आहे.

हा प्रश्न स्पष्टपणें प्रथम मांडणारांत ज्याची गणना करावी लागते, तो एबेनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) शिल्पज्ञहि नव्हता आणि इंजिनीयरहि नव्हता. तो लघुलेखक होता. पार्लमेंटांतील वादविवाद टिपून घेणें हा त्याचा चरितार्थ. तरुणपणीं तो अमेरिकेंत नेब्रास्का प्रांतीं शेती करावयास गेला, ती त्यास साधली नाहीं, आणि कांहीं वर्षें शिकागोंत काढून तो १८७६ मध्यें लंडनला परतला. एकीकडे लंडनच्या गल्ल्यांतून माणसें दाटलेलीं, दुसरीकडे खेडीं ओस पडत चाललेलीं, हें दृश्य त्याच्या मनास सलत राहिलें. त्याच्या विचारांचें पुस्तक १८९८ मध्यें निघालें, आणि १९०२ मध्यें तें नव्या नांवानें पुनः छापलें गेलें. ‘उद्याननगर’ ही कल्पना त्या पुस्तकामुळें जगभर गेली.

त्याची योजना अशी होती : सहा हजार एकर जमीन घ्यावी, त्यांतील एक हजार एकरांवर नगर वसवावें आणि बाकीची शेतीस राखावी, एकंदर वस्ती बत्तीस हजारांची असावी. नगर भरलें म्हणजे तें ताणीत न जातां शेतांच्या पलीकडे दुसरें वसवावें. लोकांस यांतील बागाच तेवढ्या आठवतात. परंतु हॉवर्डच्या योजनेचा प्राण त्यांत नव्हता. तो तिच्या जमाखर्चांत होता. भूमि शेतीच्या भावानें विकत घ्यावयाची, ती विश्वस्तांच्या हातीं राखावयाची आणि कोणासहि कायमची न विकतां भाड्यानें द्यावयाची. येणाऱ्या भाड्यांतून आधीं कर्जाचें व्याज, मग मुद्दल फेडावयाचें, आणि उरेल तो पैसा नगराच्या कामीं लावावयाचा. माणसें येऊन राहिलीं म्हणूनच मातीचें सोनें झालें. तेव्हां त्या सोन्याचे धनी तींच माणसें, असा हा सरळ हिशेब होता.

१९०३ मध्यें लेचवर्थ येथें सुमारें तीन हजार आठशें एकरांवर या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. त्याची आंखणी बॅरी पार्कर आणि रेमंड अन्विन यांनीं केली. पुढें १९२० मध्यें वेल्विनची स्थापना झाली, आणि हॉवर्डनें देह ठेवला तोहि त्याच गांवीं. लेचवर्थची खरी परीक्षा मात्र संस्थापकांच्या मागें व्हावयाची होती. १९६० च्या सुमारास, जमीन ज्या कंपनीच्या नांवें होती तिचे भाग बाहेरच्या लोकांनीं विकत घेतले आणि नगराची मिळकत नफ्यासाठीं विकली जाण्याचें भय उत्पन्न झालें. रहिवाशांनीं धांवाधांव केली. पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा केला. १९६३ पासून ती मिळकत एका सार्वजनिक मंडळाकडे आणि १९९५ मध्यें एका धर्मादाय संस्थेकडे आली. साठ वर्षें नीट चाललेली योजना केवळ भाग विकत घेतल्यानें कोलमडूं शकते, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या सरकारनेंच हें काम हातीं घेतलें आणि १९४६ मध्यें नव्या नगरांचा कायदा केला. त्याखालीं पहिली निवड झाली ती स्टीव्हनेजची. सुमारें सहा हजार वस्तीच्या त्या जुन्या गांवाचें साठ हजारांचें शहर व्हावयाचें होतें. हॉवर्डच्या योजनेंत भूमि राजीखुशीच्या खरेदीनें मिळावयाची होती. आतां ती कायद्याच्या बळावर घेतली जाणार होती. योजना समजावून देण्यास मंत्री लुइस सिल्किन गेले, तेव्हां त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा लोकांनीं सोडून दिली, आणि स्टेशनाच्या पाटीवर रशियन थाटाचें ‘सिल्किनग्राड’ हें नांव झळकलें. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन निकाल मंत्र्यांच्या बाजूनें लागला आणि शहर झालें. पण न्यायासनापुढें जिंकलेला पक्ष लोकांच्या मनांतहि जिंकतोच असें नाहीं.

येथें दुसऱ्या एका पुरुषाचें स्मरण होतें, आणि त्याचा संबंध प्रत्यक्ष मुंबईशीं आहे. पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) हा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्यें तो हिंदुस्थानांत आला. त्याचें नगररचनेचें प्रदर्शन ज्या जहाजांतून येत होतें तें ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें, तरी त्यानें नवें साहित्य जमवून १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन मांडलेंच. पुढें या देशांतील अनेक शहरांवर त्यानें अहवाल लिहिले. निदानावांचून औषध देऊं नये, हें त्याचें मुख्य सूत्र. तो गल्लीगल्लींतून स्वतः पायीं हिंडे. दाट वस्ती दिसली कीं तिच्यांतून सरळ रुंद रस्ता काढावयाचा आणि आड येतील तीं घरें पाडावयाचीं, ही त्या काळची सरकारी रीत त्यास मुळींच मान्य नव्हती. दोनचार पडकीं घरें काढावीं, विहीर व झाड राखावें, एखादी मोकळी जागा करावी. एवढ्यानें गल्लीस श्वास घेतां येतो आणि खर्चहि थोडा लागतो, असें त्याचें म्हणणें.

होळकरांच्या इंदुरांत प्लेगनें लोक घाबरले होते, आणि नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या परक्या माणसाकडेहि ते संशयानें पाहत. तेव्हां गेडीसनें दिवाळीची मिरवणूक योजिली. ज्या वाटेवरचीं घरें अधिकांत अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेलीं असतील तीच मिरवणुकीची वाट, असें त्यानें जाहीर केलें. मग काय, घरोघर सफेती आणि डागडुजी सुरू झाली! मिरवणुकींत रोगाचा राक्षस आणि भला मोठा उंदीर निघाला, आणि शेवटीं त्यांचें दहन झालें. विद्वत्तेच्या वाटेनें आलेल्या या माणसानें लोकांस आधीं आपलेंसें केलें आणि मग नकाशा पुढें ठेविला. १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठानें त्यास समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा अध्यापक नेमिलें. १९२४ मध्यें तो गेल्यावर त्याच्या जागीं गोविंद सदाशिव घुर्ये आले.

याच मुंबईच्या खाडीपलीकडे पुढें या दोघांच्या शिकवणुकीची कसोटी लागली. १९६५ मध्यें चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनीं ‘मार्ग’ या नियतकालिकांत असें मांडलें, कीं मुंबई उत्तरेकडे ताणीत न्यावयाची सोडून पूर्वेच्या किनाऱ्यावर दुसरें शहर वसवावें. भूमि सरकारनें आधींच घ्यावी आणि तिच्या वाढत्या मोलांतून शहराचा खर्च भागवावा. हॉवर्डचाच हिशेब हा! १९७० मध्यें त्यासाठीं ‘सिडको’ची स्थापना झाली. ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवें आणि सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र योजनेंत आलें. १९७३ मध्यें वाशीच्या खाडीवर पूल झाला, १९९२ मध्यें आगगाडी वाशीस पोंचली, मुंबईचे मोठे घाऊक बाजार तेथें गेले. राज्याचें मुख्य कारभारस्थान मात्र हललें नाहीं. उलट दक्षिण मुंबईंत समुद्र हटवून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. तरीहि २०११ च्या जनगणनेंत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दींत अकरा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. एवढें शहर उभें करणें हें कांहीं सामान्य काम नव्हे.

पण तीं ९५ गांवें? तेथें आगरी, कोळी, कराडी लोक पिढ्यानपिढ्या भात पिकवीत, मिठागरें राखीत, खाडींत जाळीं टाकीत. खारें पाणी बांधांनीं अडवून ती जमीन भातास योग्य केली होती ती त्यांच्याच पूर्वजांनीं. नगराच्या हिशेबांत भूमि आली, परंतु तिच्यावर राबणारे हात आले नाहींत. वाढत्या मोलाचा वांटा नगरास मिळावा हें तत्त्व खरें. पण ज्यांच्याकडून ती मूळ भांडवल म्हणून घेतली, त्यांस एकदांच मोबदला देऊन बाजूस सारलें, तर तें तत्त्व अर्धेंच राहतें. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जासईच्या परिसरांत शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांचा गोळीबार झाला आणि पांच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यांतूनच संपादित भूमीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांस परत देण्याची योजना निघाली. वाढीव मोलांत मूळ धन्याचाहि वांटा आहे, ही गोष्ट अशा रीतीनें मान्य झाली खरी. पण ती नकाशा आंखतांना कोणीं मांडली नाहीं, ती रक्त सांडल्यावर मान्य करावी लागली.

आमच्या मतें नव्या नगरांच्या अभ्यासाचें सार येथेंच आहे. हॉवर्डनें भूमीचा हिशेब शिकविला, गेडीसनें माणसांची विचारपूस शिकविली. पहिली विद्या उचलली गेली, कारण तिच्यानें पैसा उभा राहतो. दुसरी मागें पडली, कारण तिला वेळ लागतो. नगर आंखणाऱ्यानें ज्या कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढावयाची, तो कागद कोरा असतो; भूमि कधींच कोरी नसते. तिच्यावर कोणाचा तरी बांध असतो, कोणाची तरी विहीर असते. ती रेघ ओढण्यापूर्वीं त्या बांधावर जाऊन बसण्याची तयारी ज्यास नाहीं, त्यानें सुंदर शहर बांधलें तरी त्याच्या पायाशीं एक जुना तंटा कायमचा राहून जातो.