यंत्राचा शेवटचा डाव

पटावरची मोहरी सरत आली, की बुद्धिबळपटूचा खरा कस लागतो. स्पॅनिश इंजिनियर तोरेस केवेदो यांनी १९१२ साली बनविलेले यंत्र राजा-हत्तीच्या बळावर एकट्या राजावर मात करी. पण ठरीव नियमाने, लांबच्या वाटेने. १९७७ साली केन टॉम्प्सन यांच्या संगणकाजवळ वजीर विरुद्ध हत्ती या डावातील प्रत्येक स्थितीचे अचूक उत्तर तयार होते. ३१ खेळींत जिंकता येणारा डाव ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांना ५० खेळींतही साधला नाही. पैज हरली. काही आठवडे अभ्यास करून ते पुन्हा बसले आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला त्यांनी हत्ती मारला! कारखान्यात नवे यंत्र आले, की कामगारालाही असेच चार आठवडे शिकायला द्या, एवढेच माझे मागणे आहे.