नवऱ्याचं देणं आणि बायकोची सही

लासूर स्टेशनवरून मनमाडकडे निघालं की रोटेगावनंतर आपण नाशिक जिल्ह्यात शिरतो. 1900 साली ही रेल्वे सुरू झाली तेव्हा रोटेगाव निजामाचं, तर पुढचं नगरसोल इंग्रजांचं. ही सरहद्द पुढे संसारातल्या कर्जापर्यंत पोहोचली. कशी, ते बघू.

1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. नवऱ्याने बायको-मुलांच्या लाभासाठी विमा उतरवला, तर त्या पैशावर नवऱ्याच्या सावकाराचा हक्क नाही, असं त्याचं सहावं कलम सांगतं. अट एकच : सावकाराला बुडवण्याचा हेतू नको. नगरसोलच्या हिंदू-मुसलमान कुटुंबांना हे संरक्षण 1 एप्रिल 1923 पासूनच्या पॉलिसींना मिळालं. लासूरला? 1948 मध्ये निजामाची राजवट गेली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी हे कलम आलं नाही. त्यासाठी संसदेला 1959 मध्ये वेगळा विस्तार कायदा करावा लागला. एकाच रुळावरची दोन गावं, मध्ये छत्तीस वर्षं!

मूळ विचार मात्र जुनाच. नवऱ्याचं कर्ज बायकोने फेडू नये, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. अपवाद : कुटुंबासाठी काढलेलं, तिने स्वतः कबूल केलेलं किंवा दोघांनी मिळून घेतलेलं.

आता प्राप्तिकराकडे येऊ. आपल्याकडे नवरा-बायकोचं विवरणपत्र वेगवेगळं. नवऱ्याची थकबाकी म्हणून बायकोच्या स्वतःच्या कमाईचा परतावा अडत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मराठी जोडप्यांचं तसं नाही. तिथे एकत्र विवरणपत्र भरता येतं. पण मग कराची जबाबदारी दोघांची, आणि एकाच्या जुन्या देण्यात दोघांचा परतावा वळता होऊ शकतो. आपला वाटा सोडवायला दुसऱ्याला वेगळा अर्ज करावा लागतो.

म्हणून 'सगळं बायकोच्या नावावर करून टाकू' म्हणणाऱ्यांनी जपून. 1 जून 1973 पासून नवऱ्याने योग्य मोबदल्याशिवाय बायकोला दिलेली मालमत्ता कराच्या वसुलीसाठी नवऱ्याचीच धरली जाते. तिचं स्त्रीधन, तिचा पगार, तिने घेतलेली जमीन ही खरी तिची.

आणि बायांनो, मोंढ्यातल्या उधारीसाठी किंवा बँकेच्या कर्जासाठी जामीन म्हणून कागद पुढे आला, तर आधी वाचा. लग्नामुळे कर्ज तुमचं होत नाही. सहीमुळे होतं.